फुटाला एक सूत: तापलं की लांबतं, थंड झालं की आकसतं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचं पॅटर्न बनवायचं वर्कशॉप होतं. धातूची वस्तू ओतायची तर आधी तशीच लाकडी वस्तू करावी लागते, तिला पॅटर्न म्हणतात. पॅटर्नभोवती वाळू ठासायची, पॅटर्न अलगद उचलून घ्यायचा, मागं उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. आठवीच्या उन्हाळी सुट्टीत मी रोज दुपारी तिथं जाऊन बसत असे. एके दिवशी टेबलावरच्या दोन स्टीलच्या पट्ट्या सहज एकमेकींना लावून बघितल्या आणि चक्रावलो. एका टोकाला दोन्ही बरोबर जुळवल्या होत्या, खुणा दोन्हींवर इंचांच्याच होत्या, तरी एकीचा बारावा इंच दुसरीच्या बाराव्या इंचाच्या पुढं गेला होता.

"मामा, ही पट्टी चुकीची आहे."

"चुकीची न्हाई रं. बिडाची पट्टी हाय ती. बीड थंड हुताना फुटाला एक सूत आत येतंय. मग पॅटर्न करतानाच फूट एक सूत मोठा धरायचा."

बीड म्हणजे कास्ट आयर्न. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा जरासा जास्त. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून जे बिडाचं कास्टिंग बाहेर पडतं, त्याच्या मापात हा हिशेब आधीच धरलेला असतो. शाळेत त्याच वर्षी आम्ही गोळा आणि कड्याचा प्रयोग केला होता. गार गोळा कड्यातून जातो, तापवलेला अडकतो, आणि खाली उत्तर लिहायचं: उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात. ते वाक्य आणि मामांची पट्टी ही एकच गोष्ट आहे हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ गेला. तो संबंध कुणीतरी तेव्हाच उलगडून दाखवायला हवा होता असं मला आजही वाटतं, म्हणून हा लेख.

आधी आकडे बघू, कारण या विषयात 'वाढतं' एवढं म्हणून काही कळत नाही, 'किती' ते कळलं पाहिजे. एक मीटर लांब लोखंडी सळी घ्या आणि तिचं तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढवा. ती साधारण १.२ मिलिमीटरने लांबते. तेवढीच तांब्याची सळी १.७ मिलिमीटर, पितळेची १.९ आणि ॲल्युमिनियमची २.३ मिलिमीटर लांबते. साधी काच ०.९. सळी दोन मीटरची असेल तर वाढ दुप्पट, तापमान ५० अंशांनीच वाढलं तर निम्मी. पुस्तकात याला एकरेषीय प्रसरणांक म्हणतात आणि लोखंडासाठी तो ०.००००१२ असा छापतात. मूळ लांबी, हा अंक आणि तापमानातला फरक, तिघांचा गुणाकार केला की लांबीतली वाढ मिळते. इतकी शून्यं सांभाळताना माझी चूक होते, त्यामुळे मी 'मीटरला शंभर अंशांत किती मिलिमीटर' एवढंच लक्षात ठेवतो. इथंही तेच माप वापरतो.

एक गैरसमज आधीच दूर करू. सळी जाड असली म्हणजे ती जास्त लांबते असं नाही. केसाएवढी तार आणि मनगटाएवढा रॉड, दोन्ही एक मीटरचे आणि एकाच लोखंडाचे असतील तर शंभर अंशांत दोन्ही तेवढेच लांबतील. जाडीचा संबंध जोराशी आहे, लांबीशी नाही. जोराकडे पुढं येतोच.

आता हे होतं का? नेहमी दिलं जाणारं उत्तर असं: धातूचे अणू जागच्या जागी थरथरत असतात, तापवलं की थरथर वाढते, प्रत्येकाला जास्त जागा लागते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत खांद्याला खांदा लावून उभी असलेली गर्दी सासनकाठी नाचायला लागली की मागं सरकते, तसं काहीसं. अणू स्वतः फुगत नाहीत, त्यांच्यामधलं अंतर वाढतं, हा या उपमेतला भाग अगदी खरा आहे. पण नीट विचार केला तर उपमा अर्ध्यावर सोडून जाते. अणू शेजाऱ्यापासून जेवढा लांब जातो तेवढाच परत जवळ येत असेल, तर थरथर कितीही वाढू दे, सरासरी अंतर तेवढंच राहायला पाहिजे. मग लांबी का वाढावी?

यासाठी दुसरं चित्र डोळ्यांसमोर आणा. घराच्या भिंतीला अगदी लागून झोपाळा बांधलाय. हळू झुलत असाल तर पुढंमागं सारखंच जाता. जोर वाढवला की मागं भिंत आडवी येते, तिकडं जागाच नाही, त्यामुळे वाढलेला सगळा झोका अंगणाच्या बाजूला जातो. तुमची सरासरी जागा अंगणाकडे सरकते. दोन शेजारी अणूंचं नातं नेमकं असं एकांगी आहे. त्यांना एकमेकांच्या जवळ दाबायला गेलं तर विरोध झपाट्याने वाढतो, अगदी भिंतीसारखा. लांब ओढायला गेलं तर विरोध होतो, पण सावकाश वाढत जाणारा. म्हणून थरथर वाढली की अणू जवळ कमी आणि लांब जास्त जातात, आणि सरासरी अंतर वाढतं. हा ओढ-दाबाचा विरोध दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा असता तर धातू कितीही तापवला तरी एक केसभरही लांबला नसता. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: पूल, रूळ, इंजिन यांच्यासाठी जो हिशेब धरावा लागतो, त्याच्या मुळाशी अणूंच्या नात्यातला एवढासा असमतोल आहे.

अणू एकमेकांना घट्ट धरून असतील तर पदार्थ उशिरा वितळतो आणि कमी लांबतो. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं आणि मीटरला शंभर अंशांत जेमतेम ०.४५ मिलिमीटर वाढतं. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं आणि २.९ मिलिमीटर वाढतं. बहुतेक शुद्ध धातूंचं गणित शेवटी एकाच जागी येतं: शक्य तितक्या थंड अवस्थेपासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, वितळण्यापर्यंत त्यांची लांबी एकूण साधारण दोन टक्क्यांनी वाढते. कुणी हा प्रवास हळूहळू करतं, कुणी भराभर.

हे कळलं की मामांच्या पट्ट्या समजायला लागतात. त्यांच्याकडे पट्टी एक नव्हती, धातूगणिक वेगळी होती. बिडाला फुटामागे एक सूत, ॲल्युमिनियमला सव्वा, पितळेला दीड, स्टीलला दोन. पहिल्यांदा ऐकल्यावर यात काहीतरी गडबड वाटते. ॲल्युमिनियम तर स्टीलच्या जवळपास दुप्पट लांबतं-आकसतं, मग त्याला सव्वा सूत आणि स्टीलला दोन सूत, हे उलटं कसं? कारण प्रश्न फक्त 'अंशामागे किती' एवढाच नाही, 'किती अंश' हाही आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना घट्ट होतं. तिथून आपल्या हवेच्या ३० अंशांपर्यंत ते ६३० अंश खाली येतं. स्टील १५०० अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि तिथून पुढं १४७० अंश खाली येतं. ॲल्युमिनियमचा वेग दुप्पट, पण वाट निम्म्याहून कमी. शिवाय लोखंडाचा प्रसरणांक खूप गरम असताना वाढलेला असतो, म्हणून नुसत्या १.२ च्या गुणाकाराने मीटरला पावणेअठरा मिलिमीटर उत्तर आलं तरी प्रत्यक्षात वीसच्या आसपास धरावं लागतं.

बिडाचं मात्र वेगळंच आहे. ते ११५० अंशांच्या आसपास घट्ट होतं, म्हणजे वाट बरीच लांबची, आणि तरी सगळ्यांत कमी आकसतं. याचं कारण त्यातला कार्बन. बिडात ३ ते ४ टक्के कार्बन असतो आणि थंड होताना तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. ग्राफाइटला लोखंडात मुरलेल्या कार्बनपेक्षा जास्त जागा लागते. एकीकडे धातू आत येतोय, दुसरीकडे हे पापुद्रे त्याला थोडं बाहेर ढकलताहेत, आणि वजाबाकी करून उरतं फुटाला एक सूत.

ओतकामात आकसणं तीन टप्प्यांत होतं, त्यातला पॅटर्नवाल्याच्या वाट्याला शेवटचा येतो. वितळलेला धातू द्रव असतानाच थंड होताना कमी होतो आणि द्रवाचा घन होतानाही सहसा कमी होतो. ही तूट रायझरमधला धातू भरून काढतो. रायझर म्हणजे जादा वितळलेला धातू साठवायला साच्यातच ठेवलेली पोकळी. घन झाल्यानंतरचं आकसणं मात्र बाहेरून कुणी भरून काढू शकत नाही. ते पट्टीतच धरावं लागतं.

आणि सगळं कास्टिंग एकाच वेळी थंड होत असतं तर काम सोपं होतं. पातळ भाग आधी गार होऊन आकसतो, जाड भाग अजून लाल असतो. नंतर जाड भाग आकसायला लागतो तेव्हा पातळ भाग घट्ट बसलेला असतो, हलत नाही. या ओढाताणीत कास्टिंगला चीर जाते किंवा ते वाकतं. जुन्या पिठाच्या गिरणीत बिडाची मोठी पुली कधी निरखून बघा. कित्येकींचे आरे सरळ नसतात, मुद्दाम वळणदार ठेवलेले असतात. घेर आणि मधला भाग वेगवेगळ्या वेळी आकसले तरी वळणदार आरा थोडा सरळ होऊन ती ओढ पचवतो. सरळ आरा तिथं तुटू शकतो.

आता भोकाबद्दल. हा प्रश्न मी कितीतरी जणांना विचारलाय आणि बहुतेक जण चुकतात. पत्र्याला मध्ये गोल भोक आहे. पत्रा तापवला तर भोक मोठं होईल की लहान? धातू चहूबाजूंनी वाढतो, मग तो आतही येणार आणि भोक लहान होणार, असं वाटतं. प्रत्यक्षात भोक मोठं होतं. भोक पाडायच्या आधी तिथं जी चकती होती ती मनात परत बसवा. पत्रा तापला असता तर ती चकतीही वाढली असती आणि तिच्याभोवतीचा पत्राही, दोघांत ना फट पडली असती ना दाब आला असता. म्हणजे भोकाचा घेर चकतीच्या घेराएवढाच वाढतो. पोकळी तिथं तोच धातू भरलेला असल्यासारखी वाढते.

गावातल्या सुताराला आणि लोहाराला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना ते हातांनी ठाऊक होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना मी लहानपणी बघितलंय. धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करतात. शेणी रचून, आग पेटवून ती लाल होईपर्यंत तापवतात, सांडशीने उचलून दोघं-तिघं मिळून चाकावर घालतात आणि लगेच पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लाकूड करकरतं, आरे आपापल्या खाचांत आणखी घट्ट बसतात. हिशेब करून बघा. धावेचा घेर साडेचार मीटर धरला आणि ती ५०० अंशांनी तापवली, तर घेर २७ मिलिमीटर, म्हणजे इंचभराहून जास्त वाढतो. गार झाल्यावर तो इंच परत यायचा प्रयत्न करतो आणि चाक आवळून धरतो. एक खिळा लागत नाही.

कारखान्यात शाफ्टवर बेअरिंग याच रीतीने बसवतात. बेअरिंग तेलात किंवा इंडक्शन हीटरवर ८० अंशांनी तापवलं की १०० मिलिमीटरच्या भोकाचा व्यास जवळपास ०.१ मिलिमीटर वाढतो. तेवढ्यात ते हाताने सरकून जागेवर बसतं. हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग बसवतानाच आतून दुखावलेलं असू शकतं, म्हणून जाणता फिटर ठोकाठोकी करत नाही.

धाव चाकाला आवळते तो जोर कुठून येतो? लांबीतला फरक बघितला तर मिलिमीटरांत, पण तो अडवायला गेलं तर धातू मागं हटत नाही. लोखंडाला एक अंशाची वाढ घडू दिली नाही तर त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर साधारण पाव किलोचा दाब तयार होतो. ऐकायला फारच थोडं. आता रेल्वेचा रूळ घ्या. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद सुमारे ७,७०० चौरस मिलिमीटर असतो. रूळ ३० अंशांनी तापला आणि त्याला लांबूच दिलं नाही, तर एका रुळात ५५ टनांच्या आसपास दाब साठतो. उसाने भरलेले दोन-तीन ट्रक एकाच रुळाच्या टोकावर रेटताहेत असं समजा. इथंच जाडीचा प्रश्न येतो: वाढ जाडीवर अवलंबून नाही, पण हा जोर तिच्यावर अवलंबून आहे.

पूर्वी रूळ आखूड असत, दोन रुळांच्या मध्ये फट ठेवत आणि गाडी त्या फटींवरून खडखडत जाई. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली सुरू झाला तेव्हा रूळ असेच जोडलेले होते. हल्लीचे रूळ शेकडो मीटर, कधी किलोमीटरांनी एकसंध वेल्ड केलेले असतात, मग ती वाढ जाते कुठं? ती होऊच देत नाहीत. क्लिपांनी रुळाखालच्या आडव्या स्लीपरला आणि स्लीपर खडीत असं इतकं घट्ट धरतात की रूळ ताण-दाब आतल्या आत सोसतो. रूळ जखडतानाचं तापमान मध्यावरचं निवडतात, म्हणजे थंडीत तो ओढलेला राहतो आणि उन्हाळ्यात दाबलेला, कुठल्याच बाजूला अति होत नाही. खडी कमी पडली, पकड सैल झाली, तर मे महिन्याच्या दुपारी रूळ आडवा वाकू शकतो. रुळांच्या बाजूने खडीचा ढीग नीट रचलेला दिसतो तो नुसता नीटनेटकेपणा नाही.

जिथं जखडणं परवडत नाही तिथं जागा सोडतात. साखर कारखान्यात वाफेचे पाइप जाताना मध्येच चौकोनी वळसा घेऊन परत सरळ होतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, सरळ न्यायचं सोडून पाइप का वाया घालवला? १०० मीटरचा स्टीलचा पाइप ३० अंशांवरून ३८० अंशांवर गेला की सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास लांबतो, जवळजवळ दीड फूट. वळशातले बाहू थोडे वाकून ही लांबी सामावून घेतात. वळसा नसता तर एक तर पाइप वाकला असता किंवा त्याने टोकाला जोडलेली टर्बाइन ढकलली असती. शिरोलीच्या बाजूने हायवेच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा ठरावीक अंतराने धप्प-धप्प असा आवाज येतो, तेही हेच. काँक्रीटच्या ३० मीटरच्या गाळ्यासाठी हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत सेंटिमीटरभर जागा ठेवावी लागते. छपराचे पत्रे संध्याकाळी टण्-टण् वाजतात, ते आकसताना बोल्टांशी अडखळून सुटतात म्हणून. नदीकाठच्या शेतात पसरलेला काळा एचडीपीई पाइप सकाळी सरळ आणि दुपारी नागमोडी दिसतो. हे प्लास्टिक लोखंडापेक्षा दहापट किंवा त्याहून जास्त लांबतं, १०० मीटरच्या पाइपला २० अंशांच्या फरकाने फूटभर जास्तीची लांबी येते. रात्री तोच पाइप ताणला जाऊन जोडातून निसटू शकतो, म्हणून टाकताना तो किंचित सैल टाकायचा.

काँक्रीटचा उल्लेख आलाच आहे तर एक नशिबाची गोष्ट सांगून टाकतो. काँक्रीटची वाढ मीटरला शंभर अंशांत १ ते १.२ मिलिमीटर, आणि आतल्या लोखंडी सळईची १.२. दोघं जवळजवळ बरोबरीने वाढतात. सळई ॲल्युमिनियमची असती तर तिच्या जास्तीच्या वाढीने काँक्रीटला आतून चिरा पडू शकल्या असत्या.

दोन पदार्थ बरोबरीने वाढत नसतील तर मात्र त्याचाच उपयोग करून घेता येतो. वेगवेगळ्या वाढणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून पक्क्या जोडा. तापल्यावर एक जास्त लांबणार, दुसरी कमी, पण सुटू तर शकत नाहीत. मग जोडपट्टी वाकते, कमी वाढणाऱ्या बाजूला. इस्त्रीत ठरावीक गरमीला वीज तोडणारा तुकडा असाच असतो. ज्यांच्या शेतात विहिरीवर किंवा नदीवर मोटर आहे त्यांनी स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ऐकलेला असेल. मोटर जाम होऊन जास्त करंट घ्यायला लागली की रिलेतली जोडपट्टी तापते, वाकते, कळ पाडते आणि मोटर जळायची वाचते. मोटर ट्रिप झाल्यावर लगेच रिसेट होत नाही त्याचं कारणही यातच आहे, पट्टी गार होऊन सरळ व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढं थांबायचं. रिलेचं बटण बांधून ठेवणारे लोक मी बघितलेत, ते मोटर रिवाइंड करायचा खर्च ओढवून घेतात.

याच युक्तीची एक जुनी आणि भव्य गोष्ट आपल्या देशातली आहे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली तेव्हा सगळ्या नकाशाचा पाया होता जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली काही मैलांची एकेक रेघ. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पहिली मोठी पायारेषा मोजली ती १०० फुटी स्टीलच्या साखळीने. उन्हात साखळी लांबली की माप कमी भरणार, म्हणून साखळीवर आडोसा करून, तापमानाची नोंद घेत घेत मोजणी करायची. पुढं जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात कोल्बीच्या जोडदांड्या आल्या, १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची पायारेषा त्यांनी मोजली. एक दांडी लोखंडाची, एक पितळेची, मध्यावर जोडलेल्या, आणि दोन्ही टोकांना आडव्या जिभा. पितळ जास्त लांबतं, लोखंड कमी. त्यांच्या प्रमाणात जिभेवर असा एक ठिपका सापडतो की दांड्या लांबल्या तरी तो जागचा हलत नाही. दोन टोकांच्या ठिपक्यांमधलं अंतर ऊन असो की सावली, तेवढंच. नंतर १८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोमने निकेल आणि लोखंडाचा इन्वार हा मिश्रधातू शोधला. तो मीटरला शंभर अंशांत ०.१२ मिलिमीटरच्या आसपास वाढतो, लोखंडाच्या दहाव्या हिश्शाएवढा. अचूक मोजणीत त्याने घडवलेल्या बदलाबद्दल गियोमला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

स्वयंपाकघरात एवढं लागत नाही. काचेच्या बरणीचं धातूचं झाकण बसलं असेल तर झाकणावर गरम पाणी ओता, धातू काचेपेक्षा जास्त वाढतो. एकात एक अडकलेले स्टीलचे ग्लास सोडवायचे तर आतल्यात गार पाणी भरा आणि बाहेरचा गरम पाण्यात धरा. जाड काचेचा ग्लास उकळत्या चहाने तडकतो आणि पातळ टिकतो, कारण जाड काचेत उष्णता बाहेरपर्यंत पोचायच्या आत आतली बाजू वाढून बसलेली असते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढते, म्हणून ती टिकते.

आता परत वर्कशॉपमध्ये. मे महिन्यात शेडमध्ये ३८ अंश असताना व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या स्टीलच्या साधनाने, घेतलेलं माप खरं कुठलं? १९३१ साली आंतरराष्ट्रीय वजन-माप समितीने ठरवलं की वस्तूचं माप म्हणजे २० अंश सेल्सिअसला असेल ते. म्हणून मोठ्या कारखान्यांतल्या तपासणीच्या खोलीत एसी चालू असतो, तो माणसांपेक्षा कास्टिंगसाठी जास्त. २०० मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग २० वरून ३८ अंशांवर गेलं की ०.०८ मिलिमीटर वाढतं. त्याच उन्हाळ्यात स्टीलचा व्हर्नियरही वाढलाय, पण ०.०४ एवढंच. उरलेल्या ०.०४ मुळे चांगला जॉब, म्हणजे बनवलेला नग, रिजेक्ट होऊ शकतो, किंवा वाईट पास. बिडाचा जॉब आणि स्टीलचा व्हर्नियर असेल तर दोघं जवळपास सारखेच वाढतात आणि फारसं बिघडत नाही. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब लगेच मोजला तर मात्र तिथंही चूक होणार.

त्या सुट्टीच्या शेवटी मामांनी मला एक गणित घातलं होतं. फाउंड्रीला हजारो नग हवे असतात तेव्हा लाकडी पॅटर्न टिकत नाही. मग लाकडाचा एक मूळ पॅटर्न करतात, त्यावरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओततात, आणि त्या ॲल्युमिनियमच्या पॅटर्नने बिडाची कास्टिंग काढतात. मशीनिंगसाठी ठेवायचा जादा धातू बाजूला राहू दे. "आता सांग बघू," ते म्हणाले, "लाकडाला कंची पट्टी लावायची?"

मी बिडाची पट्टी उचलली. त्यांनी मान हलवली. ॲल्युमिनियमची उचलली, तरी मान हलवली. मग मी कागदावर मांडलं. ॲल्युमिनियमचा पॅटर्न बिडासाठी एक सूत मोठा हवा. तो स्वतः ओतताना सव्वा सूत आत येणार.

"फुटाला सव्वादोन सूत," मी म्हणालो, आणि त्यांनी ड्रॉवरमधून तिसरी पट्टी काढून माझ्या हातात दिली.